नवव्या खांबाची शिडी

सान फ्लुरिन,
१४ नोव्हेंबर

प्रिय उर्सिना,

आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. आईने जवाचं सूप केलंय आणि "पोरीला लिहा, बर्फ गुडघ्याएवढा पडलाय" असं चारदा बजावलंय. लिहिलं.

शनिवारी डोंगरावरची पाळण्यांची लिफ्ट सुरू होतेय. आठ खांब मी आणि माझा जोडीदार कुर्डिन, आम्ही दोन दिवसांत ग्रीस देऊन उरकले. राहिला नववा. तुझा, तू आखलेला. दिसायला देखणा आहे हो! हॉटेलच्या गच्चीवरून शिडी दिसू नये म्हणून तू ती उत्तरेला लावलीस. तिकडे मार्चपर्यंत ऊन फिरकत नाही. पायऱ्यांवर बर्फ, वर उभं राहायला फळी नाही. एका हाताने लोंबकळायचं, दुसऱ्याने दोराखालच्या चाकांना ग्रीस द्यायचं. कुर्डिन म्हणतो, "दुरीकाका, हा खांब लेकीने माकडांसाठी काढला का?" चांगला झापला त्याला. माझ्या लेकीला बोलायचं तर मी बोलेन.

तर आता बोलतो. फेब्रुवारीत त्या खांबाच्या चाकांवरून दोर घसरला. सकाळची चाचणी होती, पाळणे रिकामे होते, म्हणून निभावलं. सगळ्यांनी खापर तुझ्या आराखड्यावर फोडलं आणि नव्या लिफ्टचं काम तुझ्याकडून काढून घेतलं. चौकशीत मीही मान खाली घालून बसलो. तेव्हापासून तू माझा फोन घेत नाहीस. बरोबरच आहे.

उर्सिना, त्या हिवाळ्यात मी नवव्यावर चढलोच नव्हतो. दर महिन्याला देखभालीच्या वहीत 'ग्रीस दिलं' लिहायचो, सही ठोकायचो. साठीला आलो, शिडीवर गुडघे कापतात, हे कुर्डिनसमोर कबूल करायची लाज वाटली. चाक कोरडं पडून अडकलं. ते पाप माझं.

काल लिफ्टच्या मालकासमोर वही ठेवली, किल्ल्याही ठेवल्या. तो म्हणाला, "दुरी, हे आत्ता सांगतोस?"

म्हटलं, "आत्ता तरी सांगतोय ना!"

नव्या लिफ्टच्या कामासाठी तो तुला फोन करणार आहे. त्याचा तरी घे.

पण शिडी चुकलीच, हे मी मागे घेणार नाही. नव्या खांबांना ती उन्हाच्या बाजूने लाव आणि वर दोघं उभे राहतील एवढी फळी दे. हॉटेलवाल्यांना बघवत नसेल तर त्यांनी डोळे मिटावेत. चढायला अवघड खांबाला माझ्यासारखा कोणीतरी खालूनच ग्रीस देतो.

आज सकाळी कुर्डिनच्या मागोमाग नवव्यावर गेलो. पाऊण तास लागला. सोळाही चाकं हाताने फिरवून पाहिली, फिरतात. वहीत सही कुर्डिनने केली.

माझी इथे करतो.

तुझा बाबा,
दुरी