सुमनवहिनीच्या दारातली पालखी

शिमगा, बुधवार संध्याकाळ

सुमनवहिनी विधवा होती, तिनं पुन्हा लग्न केलं, म्हणून गावानं तिला वाळीत टाकलंय. देवीची पालखी तिच्या दारात थांबवायची नाही, असं बैठकीत ठरलेलं. तरी तिनं अंगणभर रांगोळी काढली होती. कुणासाठी काढली असेल? पालखीचा पुढचा खांदा माझ्याकडं होता; ती रांगोळी पाहून माझे पाय थांबले.

"म्होरं चल, नायतर तुलापन वाळीत टाकू," काका म्हणाले.

"देवीआईला कुठल्या तोंडानं सांगू, हितं थांबू नको म्हणून?" मी म्हणालो.

मी घाबरलोच होतो. तेवढ्यात मागून खांदा देणारा गणूदादा बोलला, "आई दमली हाय. टेकवूया."

वहिनीनं रडतरडत ओटी भरली. उद्या बैठक आमच्यावर बसेल. बसू दे. आई, तू मला एकटं पडू दिलं नाहीस.