अप्पांच्या कपाळावरचं ऊन

उदगीर,
५ मे १९८३

प्रिय बसवंत,

अनेक आशीर्वाद. पाकिटावर पत्ता लिहिताना हात पुन्हा उस्मानाबादकडेच वळला. खोडून लातूर लिहिलं. जिल्हा नवा झाला, पण बोटांना अजून जुनाच ठाऊक आहे. इकडे औंदाही पावसानं दगाच दिला, विहिरीत कळशी बुडत नाही, वाटीनं पाणी भरावं लागतं. तरी आमची काळजी करू नकोस. दोन माणसांना लागतं ते किती!

सिंधुचं पत्र आलं. शिवा आता पालथा पडून पुढं सरकतो, हे वाचून मी एकटीच हसले. पण त्याच पत्रात तिनं तुझी तक्रारही केली आहे, आणि ती तक्रार मी पदरात बांधून ठेवली आहे. अहमदपूरच्या शिवारात तू सकाळी नवाला मोजणीला निघतोस म्हणे आणि भर दुपारी बोडक्या डोक्यानं बांधाबांधानं फिरतोस. मान सोलून निघाली, कानाच्या पाळ्या जळून काळ्या पडल्या, रात्री अंगाला पांघरूणही लागू देत नाहीस. तिनं धुऊन दिलेला रुमाल खुंटीवर ठेवून जातोस आणि वर तिला ऐकवतोस की अप्पांनी बावीस वर्षं मोजणीची साखळी ओढली, त्यांनी कधी डोकं झाकलं होतं?

बरं झालं तू अप्पांचं नाव काढलंस. बारशाच्या दिवसापासून सहा महिने झाले, तुझ्या एकाही कार्डात अप्पांसाठी एक ओळ नाही. निदान रागाच्या भरात तरी नाव निघालं. तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं. बारशाला सगळं घर भरलेलं असताना सिंधु बाळाला घेऊन त्यांच्यापुढं गेली आणि ते दोन पावलं मागं सरले, हात पाठीमागं बांधले, म्हशीला पाणी दाखवायचं निमित्त करून निघून गेले. त्याच संध्याकाळी तू बायकापोराला घेऊन अहमदपूरची एसटी धरलीस. तुला वाटलं, लग्न तुझ्या पसंतीचं, पोरगी गरिबाघरची, त्याचा सल म्हातारा अजून मनात धरून आहे. मलाही तेच वाटलं होतं. महिनाभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते.

आधी डोकं झाकायचं सांगते. अप्पा बोडक्यानं का हिंडायचे, ते तुला कुणी सांगितलंच नाही. आमच्या लग्नात ते चांगला हातभर रुंदीचा पांढरा पटका बांधून आले होते आणि बायका म्हणत होत्या, पार्वतम्माला नवरा ऐटबाज मिळाला. बाहत्तरच्या दुष्काळात पाझर तलावांच्या मोजण्या निघाल्या. दिवसाला दोन-दोन गावं. बांबूंना लावायच्या झेंड्या हेडऑफिसातून आल्याच नाहीत. साहेब वैतागला, तेव्हा ह्यांनी डोक्यावरचा पटका उतरवला आणि टराटरा फाडून झेंड्या केल्या. साहेबानं पाठ थोपटली. तिथून जी मिजास चढली ती उतरलीच नाही. म्हणायचे, "उन्हाला काय भ्यायचं? ते काय वाघ हाय?"

आणि छत्री होती ती कुणासाठी? तिपाईवरच्या फळीला नकाशाचा कागद लावलेला असायचा. कागदावर ऊन पडलं की साहेबाचे डोळे दिपायचे आणि कागद वाकायचा, म्हणून साखळीवाल्यानं छत्री धरून उभं राहायचं. सावली कागदाला, सावली साहेबाला आणि धरणारा उन्हात. बावीस वर्षं ह्यांनी कागद जपला. आता तू स्वतः मोजणीदार आहेस, तुझ्या फळीवरही कुणी छत्री धरत असेल. त्या माणसालाही सावलीत घे. मोठी छत्री माग, नाही दिली तर उदगीरच्या बाजारातून मी पाठवते.

रुमाल नुसता डोक्याला गुंडाळून भागत नाही. तो ओला करून कान, गाल आणि मान झाकेल असा सोडायचा, वाळला की पुन्हा भिजवायचा. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घाल, गुंड्या मनगटापर्यंत लाव. काम सहाला सुरू कर, अकराला झाडाखाली बस, चारनंतर पुन्हा ऊठ. खिशात कांदा ठेवतोस तो ठेव, म्हाताऱ्याकोताऱ्यांचं मन राहतं. पण बाबा, कातडी कांद्यानं झाकली जात नाही. नाकावर नि कपाळावर सावली पडेल अशी काठाची टोपी हवी. मोठ्या साहेबाची असायची ना, तशी. लोक हसतील म्हणून घालत नसशील तर हसू दे, हसून लोकांचे दात पडतील, तुझी कातडी राहील. हे सगळं मला कुठून कळलं म्हणशील. डॉक्टरांनी सांगितलं आणि मी विचारून विचारून पाठ केलं.

चार वर्षांपूर्वी अप्पांची शिवभक्ती एकाएकी वाढली. आधी विभूतीची तीन बोटं कपाळावर हलकी उमटायची, आता जाड थर बसू लागला, डाव्या भुवईच्या वर तर गच्च. मी म्हटलं, म्हातारपणी देव आठवला, चांगलंच आहे. मग त्यांनी ताट वेगळं केलं. म्हणे व्रत आहे. तांब्या वेगळा, पंचा वेगळा, आणि जेवल्यावर आपलं ताट आपणच राखेनं घासून उपडं घालायचं. मी शेजारच्या जगदेवीला सांगून हसले होते की आमच्या घरी जंगम राहायला आलाय. तुझ्या अव्वाला अक्कल किती ते यातच बघ.

चैत्रात एका बांधाच्या भांडणात माप दाखवायला ह्यांना बोलावलं होतं. नोकरी संपली तरी ह्यांचा पाय निघतोच. दुपारी घामाघूम होऊन आले, अंगणात उभे राहिले, आणि घामानं विभूती ओघळून गालावर आली. भुवईच्या वर खवल्यांची, कडेला उचललेली जखम दिसली, मधे ओलसर. नवऱ्याच्या कपाळाची विभूती बायकोनं पुसू नये, हे मला आजीनं सांगितलं होतं. तरी मी पदर घेतला आणि पुसली. ते ओरडले, "हात लावू नको! आधी हात धू, साबणानं धू!" मला वाटलं विभूती पुसली म्हणून चिडले. हात धुतले. दवाखान्याचं नाव काढलं की उठून जायचे. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी ज्वारीची भाकरी आणि पिठलं वाढलं. ते अर्धं जेवून ताट घासायला उठले तेव्हा मी ते ताट हातातून ओढून घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्यातली उष्टी भाकरी खाल्ली. तीस वर्षं नवऱ्याच्या ताटात जेवलेली बाई मी, मला कसलं भय? बसवंत, तो माणूस खाली बसला आणि पोरासारखा रडला. रडत रडत काय बोलला ते पुढं लिहिते, इथंच लिहिलं तर डॉक्टरांचं सांगायचं राहून जाईल.

दुसऱ्या दिवशी अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण आहेत, नीट बोलतात. जखमेचा कण काढून तपासला. म्हणाले, हा उन्हानं झालेला कातडीचा कॅन्सर आहे. आपल्याकडच्या सावळ्या कातडीला सहसा होत नाही, पण वर्षानुवर्षं उन्हात उघडं राहिलं की क्वचित होतो. हाडापर्यंत गेलेला नाही. भोवतालची कातडी कापून काढू, मांडीची कातडी लावू, कपाळावर खड्डा राहील. त्यांनी नकाशा काढावा तसं कागदावर काढून दाखवलं तेव्हा जरा धीर आला. विभूती तूर्त बंद. पहिल्या दिवशी अप्पांना आरशात स्वतःचं कपाळ ओळखू येईना.

आता ते बोलले काय ते. ताटापाशी बसून म्हणाले, "पारू, मला महारोग हाय. चार वर्सं झाली. कुणाला सांगू नको." तुला दगडोबा आठवतो का? दुष्काळात खडी फोडायला यायचा. त्याच्या अंगावर चट्टा निघाला तेव्हा गावानं त्याला ओढ्यापलीकडं झोपडी घालून दिली, पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं. हे ह्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. बरी न होणारी जखम दिसली आणि ह्यांनी मनाशी ठरवून टाकलं. तुझी सोयरीक मोडेल म्हणून आधी गप्प, मग माझ्यापासून वेगळं ताट, आणि बारशाला शिवा पुढं आला तेव्हा हात मागं. राग नव्हता रे. सिंधुवर नव्हता, तुझ्यावर तर नव्हताच. बारशाच्या दिवशी ते गोठ्यातच बसून होते, हे मला आत्ता कळलं. डॉक्टर म्हणाले, हा महारोग नाही, हा कुणाला लागत नाही, आणि महारोगालाही आता गोळ्या आहेत. येत्या बुधवारी ऑपरेशन आहे. ते तुला ये म्हणणार नाहीत, म्हणून मी लिहिते आहे. रविवारी शिवाला आणि सिंधुला घेऊन ये. माफी मागू नकोस, मागायला लावूही नकोस, पोरगं फक्त त्यांच्या मांडीवर ठेव. दवाखान्यातून निघताना मी डॉक्टरांना दोनदा विचारलं, नातवाला घेतलं तर चालेल ना? दोन्ही वेळा ते हसून हो म्हणाले. आम्ही दारापर्यंत आलो, तेव्हा अप्पा मागं वळले आणि त्यांनी स्वतः तिसऱ्यांदा विचारलं.

वाट बघणारी,
तुझीच अव्वा
पार्वतम्मा