मालकाने कप स्वतः धुवावेत

मी, कुंदन काशीराम घरत, वय ५७, मूळ गाव ओवे, हल्ली राहणार पनवेल, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, कोणाच्याही दबावाविना लिहीत आहे. प्रकृतीची काळजी नको, असे डॉक्टर म्हणाले; म्हणून निवांतपणे लिहायला बसलो. याआधी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेवी पत्नी सौ. सुनंदा हिला मिळाव्यात.

२. माझी संस्कृत पुस्तके कन्या सौ. हेतल, राहणार आपटा, हिला द्यावीत. ती वाचेल असे नाही, पण तिच्याकडे वाळवी कमी आहे.

३. आता वादाची मिळकत. कळंबोलीच्या लोखंड बाजाराजवळ माझे चहाचे दुकान आहे. गाळा माझा, पाटीवरचे नाव कंपनीचे. फ्रँचायझीच्या करारानुसार मालकाने दुकान स्वतः उभे राहून चालवावे लागते. मी गेल्यावर वारसाने पुण्यात प्रशिक्षण घेऊन परीक्षा दिली तरच करार त्याच्या नावे होतो. नाहीतर पाटी उतरते. कंपनीची नियमपुस्तिका सूत्रग्रंथाच्या वळणाची आहे: मूळ थोडके, भाष्य अफाट. चहा गाळताना बोलू नये, एवढ्यावर चार पाने आहेत. संस्कृतात एम.ए. केल्याचा व्यवहारात झालेला उपयोग म्हणजे ती मला सवयीची वाटली.

४. चिरंजीव प्रणित गेल्या वर्षी आगाऊच या प्रशिक्षणाला गेला आणि दुसऱ्याच दिवशी जेवायला घरी हजर झाला. तिथे पहिल्या दिवशी मालकांकडून कप धुऊन घेतात.

"बाबा, कपच धुवायचे तर मालक कशाला व्हायचं?"

"तू अजून झालेला नाहीस," मी म्हटले.

"तुमी गप बसा," सुनंदा म्हणाली. "पोराला आधी जेवू द्या."

जेवून झाल्यावर त्याने ताट जागेवरच ठेवले, ही नोंद असावी.

५. म्हणून गाळा व दुकान प्रणितला द्यावे, पण कंपनीच्या मुदतीत त्याने प्रशिक्षण पुरे केले तरच. न केल्यास त्याच अटीवर हेतलला द्यावे. तिला फोनवर विचारले, तर म्हणाली, "मी कप रोजच धुते, बाबा. त्याचं सर्टिफिकेट मिळतं हे माहीत नव्हतं."

६. अंमलबजावणी कंपनीचे तपासनीस श्री. निकेश भगत यांनी करावी. त्यांचे-माझे वैर दुकानाइतकेच जुने आहे. ते गिऱ्हाईक बनून येतात, कॅमेऱ्यातून माझ्या डोक्यावर कंपनीची टोपी आहे का ते पाहतात. ट्रकवाल्यांच्या चहात मी मापाबाहेर आले घालतो, म्हणून त्यांनी मला या वयात पुन्हा प्रशिक्षणाला धाडले. मी गेलो. कपही धुतले. विसरलेलो नाही.

या कामाविषयी विचारले तेव्हा ते गडबडले. "काका, मी तर तुमचे मार्क कापत आलोय."

"म्हणूनच. घरचा माणूस असता तर त्याला दया आली असती."

हे काम त्यांनी सुटीच्या दिवशी करावे. मोबदला म्हणून त्यांना जादा आल्याचा चहा द्यावा. त्यांनी तो घेतल्यास त्यांचे मार्क कापावेत.

७. पूर्वसूचनेविना दुकान बंद ठेवल्यास दंड आहे. माझ्या बाबतीत पूर्वसूचना देणे जमेलच असे नाही. हे कंपनीने समजून घ्यावे.

८. हे लिहीत असताना प्रणित मागे उभा राहून वाचत होता.

"ताई पास झाली तर मी कोण?"

"गिऱ्हाईक. तुझ्याशी हसून बोलण्याचा नियम आहे."

तो माझा रिकामा कप उचलून आत गेला. नळ बराच वेळ चालू होता. कप एकच होता. परत आणला तेव्हा कपाच्या कानाजवळ साबण राहिला होता. निकेशनी तो नापास केला असता. मी फक्त कलम ५ पुन्हा वाचले, आणि त्यात प्रणितचे नाव आधी आहे ते तसेच ठेवले.

वरील सर्व मला मान्य असून खालील दोघांच्या देखत सही करीत आहे. सही करताना त्यांनी चहा मागितला, प्रणितने केला.

कुंदन काशीराम घरत (सही)

साक्षीदार:
१. निकेश भगत (सही)
२. गणू म्हात्रे, शेजारी (सही)

पनवेल, दि. ९ नोव्हेंबर २०२५