मेंढरांचा आकडा

१२ एप्रिल २०२६

निवड झाली! जगभरचे मेंढपाळ आणि आदिवासी ऑनलाइन बोलणार, रोमला बसलेले संयुक्त राष्ट्रांचे लोक ऐकणार, आणि त्यात तीन मिनिटं आमच्या आत्याची! कुरणं आणि अन्न, दोन्हीबद्दल सगळ्या देशांसाठी धोरण लिहायलेत. त्यात मला एकच गोष्ट घुसवायचीय — कुरणावर काही उभं करायच्या आधी तिथं चारणाऱ्यांना विचारा.

कारण आमचं गायरान सोलर कंपनीला चाललंय. एक मेच्या ग्रामसभेत ठराव. रोमचा कागद हातात असला तर सरपंच दत्तरावांसमोर ठेवता येईल.

आत्या म्हणाली, "रोम कुठं आलं?"
"लय लांब."
"मग तिथून आपलं गायरान कसं दिसंल?"
"म्हणूनच तू सांगायचं!"

१३ एप्रिल

मीटिंगचा फॉर्म एका रकान्यावर अडला — जनावरं किती? आत्या म्हणाली, "देवानं दिली तेवढी." परत विचारलं तर काठी उचलून निघूनच गेली. आमच्यात मेंढरं मोजत नाहीत, आणि कुणाला आकडा सांगत तर नाहीतच. आत्या सकाळी मेंढरांच्या वाड्याची जाळी उघडते आणि नुसती नजर टाकते. "काळ्या कानाची मागं राह्यली." आणि खरंच राहिलेली असते! भारीच. पण रकाना कसा भरू? रिकामा ठेवला की फॉर्म पुढंच जाईना.

कॉलेज संपल्यावर परभणीतून इथं वस्तीवर आले ती काही तरी करायलाच ना?

१४ एप्रिल

मोजली! जाळीतून निघताना, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर प्लस एक, प्लस एक करत. १८७. गोपाळदादा — आत्याचा मुलगा — महिनाभर सोनपेठकडं गेलाय, नाहीतर दोघांनी मोजली असती. फॉर्म पाठवला. आत्याला काय कळतंय!

२१ एप्रिल

कळलं.

सोलर कंपनीचा माणूस वस्तीवर आला, हातात प्रिंट. माझाच फॉर्म. मीटिंगच्या साइटवर सगळ्यांना दिसतो, मी वाचलंच नव्हतं.

"मावशी, तुमची मेंढरं एकशे सत्त्याऐंशी. एवढ्याला पंधरा एकर बास झालं. बाकी गायरान तुम्हाला जास्तीचंच आहे की." हसत बोलला. चहापण प्याला. दत्तराव सोबत होते, मान डोलवायले.

तो गेल्यावर आत्या माझ्याकडं न बघता म्हणाली, "निजामाच्या टायमाला मेंढरांची डोकी मोजून चराईचा कर घ्यायचे. माझ्या आज्यानं तवापासून आकडा सांगायचं बंद केलं. आकडा सांगितला की तेवढंच आपलं ऱ्हातं, बाई. इंग्लिश शाळेत हे शिकवलं न्हाई व्हय?"

आणि मला वाटायचं, नजर लागते म्हणून सांगत नाहीत!

२२ एप्रिल

आत्या मला न उठवताच मेंढरं घेऊन गेली. मीटिंग परवा.

२३ एप्रिल

भाकरी वाढताना अचानक — "तीन मिन्टं म्हंजी किती?"
"चहा उकळतो तेवढी."
"बास हाय. पण मी बोलंल ते समदं सांगायचं. तुझं घालायचं न्हाई, माझं गाळायचं न्हाई."

चार दिवस खपून लिहिलेलं माझं इंग्लिश भाषण चुलीत घातलं. मीच घातलं. मस्त पेटलं.

२४ एप्रिल

पिंगळी स्टेशनच्या बाकावर बसलो, तिथं रेंज चांगली. दुपारी दीड. स्क्रीनवर बर्फातले रेनडिअरवाले, वाळवंटातले उंटवाले! आत्या म्हणाली, "ही उंटवाली बाई चांगल्या घरची दिसायली."

आमचं नाव पुकारलं आणि मालगाडी आली! आत्या निवांत डबे जाताना बघत बसली. एक मिनिट तिथंच गेलं. गाडी गेली तशी बोलली —

"मी कमलबाई. माझी मेंढरं ज्या रानात रातीची बसत्यात, तिथं त्यांच्या लेंडीखतानं ज्वारी डबल येती. ती ज्वारी तुमच्या कागदावर हाय, मेंढरं न्हाईत. आता आमच्या पोरीनं मला न विचारता आकडा दिला, तर त्याच आकड्यानं आमचं गायरान कापायलेत. तुमी इचारा. पण आमच्या दारात येऊन इचारा. अन् न्हाई म्हणलं तर न्हाई ऐकून जा."

इंग्लिशमध्ये सांगताना "आमच्या पोरीनं" पाशी अडले. गाळलं असतं तर कुणाला कळलं असतं? नाही गाळलं. उलट "ती पोरगी मीच" एवढं माझं घातलं. आत्याला सांगितलेलं नाही.

उंटवाल्या बाईनं हात वर केला. त्यांच्यातही आकडा सांगत नाहीत म्हणे! मग अजून एक हात. मग अजून दोन.

२९ एप्रिल

ड्राफ्ट आला! परिच्छेद एकवीस — जनावरांची संख्या चारणाऱ्यांच्या संमतीशिवाय विचारू नये, छापू नये, त्यावरून जमीन ठरवू नये. ड्राफ्टच आहे, मान्य. पण आहे! आमचा फॉर्मपण साइटवरून उतरवला.

१ मे

ग्रामसभा. कंपनीच्या माणसानं १८७ वाचले. मी एकवीस नंबर मराठीत वाचला. दत्तराव म्हणाले, "रोमचं रोमला ठेव, निकिता. गावाचं बोल."

आत्या उठली. "गावाचंच बोलते. दत्तराव, औंदा तुमच्या रानात माझी मेंढरं बसली. किती होती?"
"आता ते कोण मोजतं?"
"अन् ज्वारीचे कट्टे भरले ते मोजले का न्हाई?"

सगळी सभा हसायली! दत्तरावपण. ठराव थांबला — आधी चारणाऱ्यांची बैठक, मग पुढचं. जिंकलो नाही अजून. पण आता आम्हाला विचारल्याशिवाय होत नाही!

२ मे

आज जाळी आत्यानं माझ्या हातानं उघडायला लावली. म्हणाली, "येडे, गोपाळ सोनपेठला मेंढरं न घेताच गेलाय व्हय?" मग जवळ येऊन खरा आकडा कानात सांगितला.

इथंपण लिहिणार नाही.