जीपमधले इलेक्ट्रॉन

११ एप्रिल
बहिणीची, राजीची, केमिस्ट्री गेली. बारावी अडकली. मे महिन्यात परत पेपर. बाबा म्हणतात, पुन्हा गेली तर मावशीकडे काजूच्या कारखान्यात पाठवणार. मी फोनवर सांगितलं, थांबा, मी शिकवतो. तिकडं सगळे गप्प. विश्वास बसला असावा.
माझं शिक्षण नववी, गावी दांडेलीकडं, गुंदच्या शाळेत, तेही वर्गाबाहेर जास्त. पण इथं पुण्यात पेंट कंपनीत ड्रम धुतो. केमिकल लाइनच की ती.

१२ एप्रिल, सकाळ
संकल्प: पहाटे व्यायाम, मग ऑर्बिटल. यूट्यूबवर एक सर लावले. इलेक्ट्रॉन नक्की कुठं आहे ते सांगता येत नाही, कुठं सापडेल याचा फक्त अंदाज. त्या अंदाजाच्या जागेला ऑर्बिटल म्हणतात. लगेच पटलं. सुपरवायझर माझ्याबद्दल हेच म्हणतो.
व्यायाम उद्यापासून.

१३ एप्रिल
एस गोल, पी डमरूसारखा. डी बघताना डोळा लागला.
कंपनीच्या बसमध्ये लखूशेजारी बसलो. लखू माझा रूममेट, सोलापूरकडचा. खेकसला, "आरं, अख्खी बस रिकामी हाय न्हवं? रोज माझ्याच मांडीवर कशाला?" आमच्याकडं माणसं चिकटून बसतात. ह्याला माणुसकी नाही.

१६ एप्रिल
पहिला क्लास. रेंजसाठी राजी देवळामागच्या टेकाडावर चढलेली. प्रश्न नायट्रोजनचा. पीच्या जागा तीन, एकीत दोघं मावतात, इलेक्ट्रॉन तीन. बसवायचे कसे? तेवढा व्हिडिओ उघडत नव्हता, म्हणून स्वतःचं डोकं चालवलं. म्हटलं, आपल्याकडची दिग्गी गावाला जाणारी जीप आठव. ड्रायव्हरशेजारी गच्च झाल्याशिवाय कुणी मागं बसतं का? तसंच. पहिल्या जागेत दोन, दुसरीत एक, तिसरी पुढच्या स्टॉपवाल्यांना.
राजी म्हणाली, "दादा, पुस्तकात तिघं तीन जागी बसल्यात." मी म्हटलं, छापायची चूक. ती म्हणाली, "व्हय काय." पटलं तिला.

२८ एप्रिल
रेणूची ऑर्बिटल. दोन अणू जवळ आले की दोन नव्या जागा होतात, एक जोडणारी, एक तोडणारी. लखूबरोबर खोली घेतली तेव्हा आमची दुसरीच झाली.
राजीचा हल्ली फोन नाही. म्हणजे आता स्वतःचं स्वतः जमतंय. शिकवण्याचं यश.

५ मे
पेपर झाला. राजी फोनवर म्हणाली, ऑक्सिजनचा रेणू आला होता. शेवटचे दोन इलेक्ट्रॉन, सारख्या जागा दोन. मी ओरडलो, "एकीतच कोंबलेस ना?" फोन कट. रेंज.
लखूला सांगून ठेवलं, आपण क्लास काढणार.

१७ मे
राजी पास! एकाहत्तर मार्क! आता दांडेलीला बी.एस्सी. बाबांनी मावशीला नाही म्हणून कळवलं. मी खोलीवर पेढे वाटले, मग राजीला विचारलं, जीप कामाला आली ना?
म्हणाली, "लई आली, दादा. जीपच्या बरोबर उलटं लिवलं. इलेक्ट्रॉन एकमेकास्नी ढकलतात. आधी ज्याची त्याची वेगळी जागा, रिकामी उरली न्हाई की मग शेजारी. हुंडचा नियम म्हणत्यात त्याला."

१९ मे
आज बसमध्ये पहिला चढलो नि दारापाशी उभा राहून बघितलं. जो तो रिकामी सीट धरून एकटा, खिडकीला डोकं लावून. सगळ्या सीटवर एकेक झाल्यावरच पुढचा माणूस शेजारी टेकला, तोही तोंड वाकडं करून.
दोन वर्षं ह्याच बसनं जातोय. लखू रोज ओरडून नियम सांगत होता.
बघत राहिलो तोवर बस भरली. एकच जागा उरली, लखूशेजारची. बसलो.
पहिल्यांदाच तो न खेकसता खिडकीकडं सरकला.