गाणं शेठचं, गळा यांचा

ता. ४ एप्रिल ९१
बदलापूर स्टेशनजवळ दोन टपऱ्यांवर यांचंच हळदीचं गाणं लागलेलं. एकीकडे ओळ संपते तर दुसरीकडे तीच सुरू. सोनी कडेवर होती, बाबा बाबा करत भोंग्याकडे हात करायला लागली. हे शेजारीच उभे. यांच्याकडे बघेचना.
डॉ. म्हणाले घशात गाठ आहे. दोन महिने बोलायचं पण नाही. गायलात तर आवाज जाईल तो परत येणार नाही. आणि लग्नाचा सीझन तोंडावर

ता. ६
उल्हासनगरला कॅसेटवाल्या शेठकडे गेलो. हे खुणा करतात, बोलायचं मी. गाण्याचे पैसे एकदाच दिलेले, रेकॉर्डिंगच्या दिवशी, सही घेऊन. म्हटलं शेठ, कॅसेट एवढी खपते, औषधापुरतं तरी द्या. चहा मागवला. म्हणाला, "भाभी, कैसेट से किसी सिंगर का चूल्हा जला है क्या? कैसेट तो पोस्टर है. कमाई स्टेज की. गाना मेरा, गला उसका. गला संभालो."
निघताना एक कॅसेट दिली. बेबीला खेळायला म्हणे.

ता. ११
बाळादादा आले, यांचे ढोलकीवाले. "वयनी, मागं टेप लावू. यानं नुसता माईक धरून तोंड हलवायचं. हळदीला पिलेली मानसं, कोन बघतंय."
हे माझ्याकडे बघत बसले. मी नको म्हणायला पाहिजे होतं काय. सीझनच्या सुपाऱ्या घेतल्यात, त्याच्यावरच वर्ष निघतं.

ता. १५
काल चामटोलीची हळद. दोन गाणी निभली. तिसऱ्याला टेपचे सेल उतरले. मीच सकाळी जुने सेल पत्र्यावर उन्हात ठेवलेले, नवे आणायला नकोत म्हणून. भोंग्यातून यांचा आवाज जाड, लांब, विहिरीतून आल्यासारखा. आणि यांचं तोंड आपलं जोरात हलतंय. हळद लावणाऱ्या बायांचे हात थांबले. नवरदेवाची आजी बोलली, "मांडवान मेलेला मानूस आनलाव काय रं गानी गावाला?"
पोराला धुऊन परत हळद लावली.
बाळादादा हसत सांगत होते. मग हसायचे थांबले.
हे जेवले नाहीत.

ता. १८
शिरगाववाल्यांनी सुपारी परत मागितली. मेलेल्या आवाजाचा गाणारा नको म्हणाले. आता आपल्या हेंद्रेपाड्यातलीच एक उरली. तीपण गेली तर
काल झोपेत यांनी हाक मारली. नुसती हवा आली.

ता. २१
आज ती हळद. मांडव आमच्या दारातून दिसतो. सकाळी मी नवे सेल आणले, यांच्या पिशवीत घातले, कॅसेट पण. पिशवी दोनदा चाचपली.
दिवे लागले तसे हे निघाले. गरम पाणी प्याले. सोनीच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ. मी म्हटलं, नुसतं तोंड हलवायचं, ऐकताय ना? मान हलवली.
आत्ता ताट घ्यायला फळीवर हात घातला तर कॅसेट तिथे. सेल पण, कागद न काढलेले. टेप खाटेखाली सरकवलेला.
म्हणजे हे खरंच गाणार. धावत जाऊ का. एवढ्या लोकांसमोर हातात कशी देऊ.
सोनी रिकाम्या टेपवर थापट्या मारतेय, बाबा म्हणून.
ढोलकी सुरू झाली. ओळ उचलायची ती जागा गेली. बाळादादांनी ठेका परत फिरवला. अजून एकदा फिरवला.
आवाज अजून