बिब्ब्याची डबी

४ ऑगस्ट
खाली अवघड जागी जी चामखीळ होती ती आता एक राहिली नाही, चार-पाच झाल्या. दुखत नाहीत, खाजतात, धुताना कधी रक्त येतं. कोंबड्याच्या फुलाला असतो तसा बारीक तुरा. दोन लेकरं झाली, असं कधी नव्हतं. कोणाला दाखवू? बार्शीटाकळीची आत्या मानेवरच्या चामखिळीला सुईच्या टोकानं बिब्बा लावते, आठ दिवसांत गळते. डबी घरात आहेच.

५ ऑगस्ट
लावला. घाईत जास्त गेला.

७ ऑगस्ट
फोड आले. बसता येत नाही, आमच्या फुलांच्या दुकानात दिवसभर उभी. देवीच्या देवळाचा रोजचा हार सासूबाईंकडे सरकवला. म्हटलं, पाळी आली. खरं म्हणजे अशा अंगानं देवाचं फूल हातात घ्यायचं मन होईना. लग्नाचे, सत्काराचे करते.

११ ऑगस्ट
अमरावती. अकोल्यात जुन्या शहरापासून जठारपेठेपर्यंत सगळं गिऱ्हाईक ओळखीचं, इथं कोणत्या तोंडानं जाऊ? घरी सांगितलं, ताईकडे जाते.
चामडीच्या डॉक्टर बाई. बघताबघता म्हणाल्या, "बिब्बा लावला ना?" मान खाली घातली. "तुम्ही पहिल्या नाही."
चामखीळच, पण ही विषाणूची. संबंधातून येते. आधी भाजलेलं बरं होऊ द्यायचं, मग औषध. रक्त घेतलं, गर्भपिशवीच्या तोंडाचीही तपासणी केली. नवऱ्याला घेऊन या म्हणाल्या.
मी विचारलं, कोणाकडून आलं?
"ते सांगता येत नाही. कित्येक वर्षं गप्प बसतं अंगात. शोधत बसू नका."
मी ह्यांच्याशिवाय कोणाला... परतताना बडनेऱ्यापर्यंत तेच डोक्यात. लग्नानंतर दोन वर्षं हे सुरतेला ट्रकवर होते.

२३ ऑगस्ट
श्रावण, देवाच्या हारांचीच गर्दी. सासूबाई सुई-दोरा बाजूला ठेवून म्हणाल्या, "कावं, तुयी पाळी दोन आठवडे चालते काय? माया बोटाले घट्टे पडले." मी वेण्या करत बसले.

२७ ऑगस्ट
जखमा भरल्या. आज पहिलं औषध. डॉ. बाईंनी भोवती व्हॅसलिन लावलं, मधे तपकिरी पाणी. चार तासांनी धुवायचं. ताईकडे जाऊन धुतलं. ती काय झालं म्हणून विचारत होती, मी सांगितलं नाही. रक्त चांगलं निघालं, पिशवीचंही. रडू आलं, उगाच.

३१ ऑगस्ट
ह्यांना सांगितलं. शेतावर, शेवंतीच्या वाफ्यापाशी, लेकरं शाळेत असताना. डॉ. बाईंनी सांगितलं तसंच सांगितलं, एकही शब्द जास्त नाही.
"मले काई नाई झालं. तुले कुठून आलं ते तूच सांग."
मग पाइप उचलून पाणी द्यायला गेले. मी तिथंच उभी. सोळा वर्षांचा संसार आणि हे वाक्य. इतका राग आला की शेवंतीची दोन रोपं उपटली. नंतर परत लावली.

१० सप्टें.
तिसऱ्यांदा औषध. दोन गळून गेल्या. आग होते, पण बिब्ब्याच्या मानानं काही नाही. घरात आम्ही कामापुरतं बोलतो. भाव काय, टोपली कुठे, झालं.

२४ सप्टें.
सगळ्या गेल्या होत्या, काल एक बारकी परत दिसली. डॉ. बाई म्हणाल्या, असं होतं, घाबरू नका. गार वायूनं जाळली. तीन महिने लक्ष ठेवायचं. नवरा आला नाही अजून? म्हटलं, हंगाम आहे. त्यांनी निरोधची पाकिटं दिली. कोणाला देऊ ती? आम्ही बाजेचं अंतर ठेवून झोपतो.
निघताना विचारलंच, मी देवाचे हार गुंफू का? त्यांना आधी समजलंच नाही. मग म्हणाल्या, "हातांना काही नाही तुमच्या. कधीच नव्हतं."
बसमध्ये हात बघत बसले.

१२ ऑक्टो.
नवरात्र. झेंडू घरात मावत नाही. तरी देवीचा हार घेतला नाही. डॉ. बाईंचं पटतं, पण ह्यांचं ते वाक्य मधे येतं. जणू खरंच काही केलंय मी.

१८ ऑक्टो.
हे दोन दिवस पाय फाकवून चालून राहिले. सासूबाईंना सांगितलं, बांधावरून घसरलो. दुपारी फळीवरून हळद काढताना बिब्ब्याची डबी दिसली. ऑगस्टमधे मी फडक्यात घट्ट बांधून मागे टाकली होती. फडकं सैल, सुईचं टोक ओलं काळं.
म्हणजे ह्यांनाही आलं, ह्यांनीही लावला. आधी वाटलं, जळू दे. मला विचारलं होतं ना, कुठून आलं. मग ते फोड आठवले. उभं राहून काढलेले दिवस आठवले.
खोबरेल तेलाची बाटली त्यांच्या बाजेवर ठेवली. म्हटलं, "हे लावा. उद्या सातच्या गाडीनं अमरावतीले चाला."
ह्यांनी विचारलं,
"डॉक्टर बाई हाय का माणूस?"
"बाई."
"मंग मी कसा..."
"मलेबी लाज वाटली होती. मी एकटी गेलती."
ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं, पण बाटली घेतली.
बाहेर येऊन सासूबाईंच्या पुढ्यातली टोपली ओढली. देवीचा हार मी गुंफला. त्यांनी सुई-दोरा माझ्याकडे सरकवला.
सकाळी स्टँडवर मी जाईन. हे येतील का, माहीत नाही.